एक दिवस उशिरा मोडलेलं पातं

राधेलालचा खून झाला तो होळीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी अकराला दहा मिनिटं कमी असताना. 'खून' हा शब्द कायद्यात बसत नाही, असं आमच्या वकीलबाई म्हणतात. पत्रकात मी तो तीनदा लिहिला आणि त्यांनी तीनदा खोडला. इथे खोडायला त्या नाहीत. मंडीदीपच्या एका ग्रॅनाइटच्या शेडमध्ये, हातातल्या मशीनवर फिरणारं हिऱ्याचं पातं फुटलं आणि त्याचा तळहाताएवढा तुकडा राधेलालच्या मानेत डाव्या बाजूनं घुसला. बत्तीस वर्षांचा माणूस. सागरकडचा. दोन मुलींचा बाप. धड खाली बसायलाही त्याला वेळ मिळाला नाही, उभ्याचा कोसळला.

मालकानं चौकशी अधिकाऱ्याला दिलेल्या कागदात कारण एका ओळीत आहे. कामगार आणि सुपरवायझर यांचा निष्काळजीपणा. कामगार मेला. म्हणजे शिल्लक राहिला सुपरवायझर. मधुकर पिंगळे, वय सदुसष्ट, राहणार मिसरोद. मालकाचं म्हणणं मान्य झालं तर या माणसावर मृत्यूला कारणीभूत ठरल्याचा गुन्हा लागेल, आणि ज्यानं पातं चढवायला लावलं तो पंख्याखाली बसून पुढची ऑर्डर घेईल.

म्हणून पिंगळेकाका कसे आहेत ते लिहिते. गोड करून लिहिणार नाही. गोड करण्यासारखं त्यांच्यात फारसं नाहीच.

पहिल्या भेटीत त्यांनी माझं पत्रक चुरगाळून पाण्याच्या पिंपात टाकलं. दगड कापणाऱ्यांच्या सुरक्षेवर आम्ही काही जण काम करतो. शेडच्या फाटकाशी मी पत्रकं वाटत होते. वर मोठ्या अक्षरात हिंदीत छापलं होतं, 'धारदार ब्लेड से सावधान'. आतून एक सडपातळ म्हातारा आला. खाकी शर्ट, खिशात स्क्रू-ड्रायव्हर, डाव्या हाताला तीनच बोटं. पत्रक वाचलं. हिंदीत विचारलं, "किसने लिखा ये?"

मी म्हटलं, "मैंने."

"नाम?"

नाव सांगितलं. आडनाव ऐकताच ते मराठीवर आले. ग्वाल्हेरची मराठी. क्रियापद तेवढं आपलं, बाकी सगळं हिंदी. "मराठी आहेस आणि इतकं गलत लिहितेस? इकडे ये. हात दे."

बंद मशीनवरच्या पात्याच्या कडेवर त्यांनी माझा तळवा दाबला आणि पातं हातानं गर्रकन फिरवलं. मी किंचाळले. शेडमधले सगळे हसले.

"कापलं?"

"नाही."

"मग धारदार कुठून आलं? ही काय सुरी आहे? पोलादाची थाळी आहे, बेटा. कडेला हे बिस्किटासारखे तुकडे दिसतात ना, यांच्यात हिऱ्याची भुकटी. हा कापत नाही, घासून खातो. खाता खाता स्वतः झिजतो. वरचे हिरे झडले की खालचे वर येतात. झिजणार नाही तो कापणार नाही. लिही हे."

मी लिहिलं. पुढच्या पत्रकावर तेच वाक्य ठळक छापलं. आमच्यातल्या एका मित्राला ती क्रांतीची घोषणा वाटली आणि त्यानं ती मोर्च्यात दिली. काकांच्या कानावर गेलं तेव्हा ते फोनवर कडाडले, "मी मशीनचं बोलत होतो! माणसं झिजवायला मी सांगितलं का? बंद करा तमाशा!"

दगडाच्या शेडमध्ये ते निवृत्तीनंतर आले. आधीची पस्तीस-एक वर्षं सरकारी कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. इथे त्यांचं काम एकच, पाती आणि मशीनं सांभाळणं. सकाळी आल्यावर चहा नाही, नमस्कार नाही. एकेक पातं मधल्या भोकात बोट घालून लटकवायचं आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं हलकेच मारायचं. चांगलं पातं वाजतं. टणण असा लांब आवाज येतो, देवळातल्या छोट्या घंटेसारखा. चीर गेलेलं पातं 'ठक्' म्हणतं आणि गप्प होतं. डोळ्यांना चीर दिसत नाही, धुळीनं भरलेली असते. कानाला सापडते.

'ठक्' म्हणणाऱ्या पात्याचं पुढे काय व्हायचं ते मी स्वतः पाहिलं आहे. शेडच्या कोपऱ्यात रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा पुरला होता. काका पातं त्यावर आडवं धरायचे आणि मोठ्या हातोड्यानं घाव घालायचे. एक, दोन, पाच. पोलाद दुमडायचं, कडेचे तुकडे उडून भिंतीवर आदळायचे. तोंडानं शिव्या. अशा शिव्या की मंडीदीपचे ट्रकवालेसुद्धा मान वळवून बघतील. मारामारी चालली आहे असंच वाटावं. कामगार याला 'पापड बनाना' म्हणत. काम थांबवून बघत उभे राहत. "आज दो पापड बने, पिंगळेजी का मूड खराब है."

मालक ओरडायचा, "पिंगळेजी, ये मेरा माल है!"

"माल आपका है सेठजी. गर्दन इनकी है."

"अरे, दो-चार कट तो और निकल जाते!"

"तो आप निकालिए ना. मैं पकड़ता हूँ पत्थर, आप चलाइए मशीन."

मालक कधीच पुढे आला नाही. मोडल्याशिवाय काका पातं सोडायचे नाहीत. नुसतं बाजूला ठेवलेलं पातं कोणीतरी उचलतंच, असं त्यांचं म्हणणं. "गरजू माणसाला भंगार दिसत नाही, औजार दिसतं."

आता वाईट भाग. ते कामगारांवर हात टाकायचे.

एकदा राधेलाल कोरडाच दगड कापत होता. पाण्याची नळी जमिनीवर पडलेली. शेडभर पांढरी धूळ, त्याच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या. पात्याचं तोंड बंद झालेलं. म्हणजे हिरे दबून कड गुळगुळीत झालेली, कापेना. तो अंगाचा भार टाकून मशीन दाबत होता आणि पातं तापून निळं पडलं होतं. काकांनी मागून जाऊन वीज बंद केली आणि त्याच्या कानाखाली वाजवली. सगळ्यांसमोर.

राधेलालचे डोळे लाल झाले. "मारा काहे? बोल देते!"

"तीन बार बोला! कान में वो तार घुसा रखी है तूने, गाना सुन रहा है! दबाता है? जितना दबाएगा उतना तपेगा, जितना तपेगा उतना मुड़ेगा, फिर फटेगा. और ये धूल? फेफड़े में जाकर पत्थर बनेगी. घर की औरत रोटी देगी, तू खून थूकेगा!"

मग स्वतः त्याचे डोळे पाण्यानं धुतले. एक भुसभुशीत वीट आणली, पाणी चालू केलं आणि त्या विटेत पातं सात-आठ वेळा चालवायला लावलं. मऊ, खरखरीत विटेनं पात्याची कड खरवडली जाते, नवे हिरे वर येतात, तोंड उघडतं. त्यानंतर दगडात पातं कसं लोण्यासारखं उतरलं ते राधेलालला दाखवलं. "हाथ का वज़न बस. कंधे का नहीं."

फाटकाबाहेर मी काकांशी भांडले. म्हटलं, कामगाराला मारणाऱ्या माणसाची बाजू आम्ही कशी घ्यायची? ते म्हणाले, "मत घे. तुझ्याकडे मागितली कोणी?" राधेलालला गाठून म्हटलं, तक्रार कर, मी लिहून देते. तो हसला. "दीदी, बाप भी मारता था, पर बताता नहीं था काहे मारा. ये बता के मारते हैं." मला हे उत्तर तेव्हा पटलं नाही. आजही पटत नाही. मार तो मार. पण तो हसला होता, हेही खरं, आणि त्यानंतर पाण्याशिवाय त्यानं मशीन चालवलं नाही. ज्या दिवशी चालवायला लावलं, त्या दिवशी तो मेला.

तुटलेल्या दोन बोटांची गोष्ट काका दर वेळी वेगळी सांगत. कामगारांना सांगायचे, नर्मदेत मगरीनं नेली. मला सांगितलं, बायकोनं पोळ्या लाटताना लाटणं फेकून मारलं. खरं मला कळलं ते मिसरोदच्या घरी, सुलभाकाकूंकडून. त्यांनी पोहे पुढे ठेवले आणि नवऱ्यासमोरच सांगून टाकलं, "कारखान्यात पंचविशीत असताना गेली. धार लावायचं सहाणीचं चाक फुटलं. आवाज ऐकला होता यांनी, बरं का. चाक ठक् बोललं होतं. पण म्हणे, शिफ्ट संपेपर्यंत चालेल."

काका पोह्यांतले दाणे वेचत राहिले.

"तेव्हापासून वाजवत सुटलेत," काकू म्हणाल्या. "भांड्यांच्या दुकानात मला लाज वाटते. स्टीलचं पातेलं घ्यायचं तरी बोटावर लटकवणार, टणाटण वाजवणार. दुकानदार म्हणतो, बाबूजी, तबला बाजूच्या दुकानात मिळतो. बरं, आमचं लग्न त्याआधी ठरलं. नाहीतर मलाही टिचकी मारून बघितली असती."

"बघायला पाहिजे होती," काका म्हणाले. "इतका आवाज निघेल माहीत नव्हतं."

त्या घरात मी काकांना हसताना पाहिलं, आणि ते तेवढंच.

आता ती गोष्ट.

सोमवारी दुपारी नऊ इंची एक पातं ठक् म्हणालं. काका ते घेऊन रुळाकडे निघाले. मालकानं अडवलं. या वेळी तो ओरडला नाही, हात जोडून बोलला. पाती विकणारा व्यापारी बुधवारी येणार होता. खराब पातं तो बदलून देतो, पण शाबूत दिसलं तरच. मोडलेलं दाखवलं की म्हणतो, तुम्हीच मोडलंत. "पिंगळेजी, दो दिन टाँग दीजिए. बुधवार को मैं खुद आपके हाथ में हथौड़ा दूँगा."

बोलणं वाजवी होतं. काकांनाही वाटलं, त्या व्यापाऱ्याला चीर ऐकवून दोन शब्द सुनवावेत. त्यांनी पात्यावर लाल खडूनं मोठी फुली मारली आणि ते आपल्या टेबलामागच्या खिळ्याला टांगलं. शेडमध्ये आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी 'ठक्' म्हणणारं पातं मोडलं नाही.

मंगळवारी सकाळी पाण्याचा पंप बंद पडला. काका शेडच्या मागे पंप उघडून बसले. त्याच वेळी फाटकाशी एक पांढरी गाडी आली. नवराबायको, चाळिशीचे, मराठी. कोलार रोडला नवा फ्लॅट, स्वयंपाकघराच्या ओट्याचा दगड निवडून ठेवलेला. काळा, निळसर ठिपक्यांचा. त्यात सिंकची जागा कापायची राहिली होती. मशीनं बंद का, हे बघायला ते मागे आले, तेव्हा काका कोणालातरी पाना मागत होते आणि तोंडातून मराठी शिवी गेली. बाई हसल्या. "काका, तुम्ही मराठी?"

त्यानंतर जे बोलणं झालं ते काकांनी मला शब्द न बदलता सांगितलं आहे.

"अहो काका, आमचा ओटा तेवढा आज करून द्या ना. शुक्रवारी वास्तुशांत आहे. इंदूरहून सासूबाई येणारेत."

"आज नाही होणार. पंप बंद आहे. पाण्याशिवाय मी मशीन लावू देणार नाही."

"थोडंसंच तर कापायचंय हो."

"थोडं असो की ज्यादा. आणि मोठं पातं पण खराब आहे, फुली मारून टांगलंय. उद्या या, परवा या. आज नाही म्हणजे नाही."

साहेब म्हणाले, "बघू, मालकांशी बोलतो." आणि दोघं पुढे गेले.

हे सगळं मराठीत झालं. आसपास दोघं कामगार होते. एक छतरपूरकडचा, एक बिहारचा. दोघांनाही एक शब्द कळला नाही.

पुढचं एका कामगारानं मला सांगितलं. सही करायला मात्र तो तयार नाही. त्याच्याही घरी चूल आहे. साहेब मालकाशी बोलले. मालक म्हणाला, अभी करवा देता हूँ, आप बैठिए. हाताशी लहान मशीनच होतं. दगड जाड होता, सात इंची पातं आरपार पोचत नव्हतं. मालकानं खिळ्यावरचं नऊ इंची पातं काढून राधेलालच्या हातात दिलं. राधेलाल म्हणाला, इस पे तो निशान है. मालक म्हणाला, वो वापसी का निशान है, चला. सात इंची मशीनला नऊ इंची पातं बसत नाही, वरचं लोखंडी झाकण आडवं येतं. मालकानं झाकण काढायला लावलं. लहान मशीन मोठ्यापेक्षा जोरात फिरतं. त्या वेगासाठी ते पातं बनलेलंच नव्हतं, आणि त्यात चीर. झाकण नाही, पाणी नाही. समोर गिऱ्हाईक खुर्चीवर बसलेलं.

हे अज्ञान नव्हे. त्या शेडमध्ये रोज सकाळी पाती वाजायची, रोज कोणीतरी त्याचं कारण ओरडून सांगायचं. मालकाला सगळं माहीत होतं.

काकांनी मागून कोरड्या कापण्याचा आवाज ऐकला. ते पाना टाकून धावले. ओरडले. मशीनपुढे कोणाचं ओरडणं कोणाला ऐकू जातं? ते कोपऱ्यावर वळले तेव्हा पातं फुटलं.

त्यांनी राधेलालची मान दोन्ही हातांनी दाबून धरली. "डाव्या हाताला बोटंच नाहीत ना," ते मला म्हणाले. "रक्त तिथूनच निघत राहिलं. मी दाबून राहिलो आणि ते तिथूनच निघून राहिलं." दगडावर, दगडावरून जमिनीवरच्या पांढऱ्या धुळीत. बाई किंचाळल्या, साहेबांनी त्यांना ओढत गाडीत बसवलं. गाडी गेली. ॲम्ब्युलन्स त्यानंतर आली.

आणि आता पिंगळेकाकांची चूक. दुसरा कोणीही माणूस ही चूक करणार नाही.

राधेलालला नेल्यावर ते परत आत आले. मशीनवर उरलेलं पातं होतं, त्यावरच्या फुलीचा अर्धा भाग अजून दिसत होता. ते पातं त्यांनी बाद केलं होतं, याचा तेवढाच पुरावा जगात होता. काकांनी ते काढलं, रुळावर ठेवलं आणि हातोडा उचलला. किती घाव घातले कोणी मोजले नाहीत. पोलादाचा चेंदामेंदा झाला, तरी ते मारतच होते. कोणाची अडवायची हिंमत झाली नाही. मालक लांब उभा राहून मोबाइलवर ते सगळं टिपत होता. खडूची फुली रक्तात आणि घावांत पुसून गेली.

तो व्हिडिओ आज अधिकाऱ्याच्या फाइलमध्ये आहे. मालकाचा जबाब सरळ आहे. फुटकं पातं पिंगळेनं मोडायचं सोडून टांगून ठेवलं, पिंगळेनंच ते चढवायला दिलं, आणि माणूस मेल्यावर पिंगळेनं पुरावा नष्ट केला. बघा व्हिडिओ.

दुसऱ्या दिवशी मी मिसरोदला गेले. सरळ सांगते, मी काकांना खोटं बोलायचा सल्ला द्यायला गेले होते. म्हटलं, टांगून ठेवलं हे सांगू नका. भंगाराच्या ढिगात टाकलं होतं, तिथून मालकानं उचललं, असं सांगा. एका शब्दाचा तर फरक आहे.

हातातला चहाचा पेला त्यांनी माझ्या मागच्या भिंतीवर फेकला. काच माझ्या केसांत आली.

"एका शब्दाचा? मालक पण तेच बोलला असेल राधेलालला! एकच कट आहे! टांगून ठेवलं मी. या हातानं. मोडलं असतं तर तो जिवंत असता. मालकानं चढवलं ते मालक भोगेल, मी मोडलं नाही ते मी भोगीन. तू मला चीर लपवायला सांगतेस? नीघ. नीघ इथून!"

काकूंनी वाकून काचा गोळा केल्या. माझ्या केसांतली काच काढली आणि हळूच म्हणाल्या, "आत्ता जा. उद्या ये." मी गेले. काकांनी अधिकाऱ्याला सगळं सांगितलं. टांगलेलं, मोडलेलं, सगळं. आमच्या वकीलबाईंनी कपाळाला हात लावला.

तेरावं झाल्यावर ते मंडीदीपच्या वस्तीत राधेलालच्या घरी गेले. कोणाला न सांगता, एकटे. त्याच्या बायकोसमोर उभे राहून म्हणाले, "बहू, ब्लेड मुझे तोड़ना था. मैंने नहीं तोड़ा." तिचा भाऊ उठला. त्यानं काकांना अंगणात पाडलं, लाथा घातल्या, तोंडावर मारलं. शेजाऱ्यांनी सोडवेपर्यंत तो मारत होता. दिसेल त्याच्यावर हात टाकणाऱ्या या माणसानं आपला हात एकदाही वर केला नाही. वर धूळ झटकत त्या भावाला म्हणाले, "आज बता के मार खाई." तो काय समजला कोण जाणे.

हे मला राधेलालच्या बायकोनंच सांगितलं. ती म्हणाली, "दीदी, उनको मत फँसाओ. जिसने निशान देख के भी चढ़वाया, उसको फँसाओ."

मी त्यांना अडकवत नाही, बाई. मला साक्षीदार पाहिजे.

म्हणून मी तो फ्लॅट शोधून काढला. अवघड गेलं नाही. तो दगड मालकानं धुवून घेतला, दुसरीकडे कापून घेतला आणि गुरुवारी पोचवला. टेम्पोवाल्यानं पत्ता सांगितला. दार बाईंनी उघडलं. मागे ओटा दिसत होता, काळा, निळसर ठिपक्यांचा, त्यावर नव्या बरण्या. मी कोण ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "आम्ही तेव्हा गाडीत होतो हो. आम्ही काही पाहिलं नाही." आतून साहेबांचा आवाज आला, "कोण आहे गं? सांग, आपल्याला यात पडायचं नाही." दार लागलं.

काकांना मी शेवटचं पाहिलं ते परवा. चौकशीची पुढची तारीख लागली आहे, येत्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, सकाळी अकरा. ते व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते, ओठावर टाके. काकूंनी शर्टाला इस्त्री करून ठेवली होती. समोर कागद होता आणि ते स्वतःशीच ओरडत होते. अधिकाऱ्याला मराठी येत नाही. शेडच्या मागे आपण जे बोललो ते हिंदीत लिहून आणायला त्यानं सांगितलं आहे. "'नाही म्हणजे नाही' याला हिंदीत काय लिहू? 'नहीं तो नहीं' लिहिलं तर तो म्हणतो, ये तो आप आज बना रहे हैं, सुना किसने?" मला बघून ते थांबले. बसायलाही सांगितलं नाही. पुन्हा कागदावर वाकले, एक ओळ खोडली आणि पेन इतकं दाबून लिहू लागले की कागद फाटला.

आता तुमच्याशी बोलते. हो, तुमच्याशीच. हा अंक आपल्या मराठी मंडळाचा आहे आणि तुम्ही मंडळाचे सभासद आहात, हे मी यादीत पाहिलं आहे. तुमचं नाव मी लिहिलेलं नाही. तुम्ही काय पाहिलंत, हे मी विचारतच नाही. रक्त पाहिलं नाही म्हणालात, ठीक. मालकाला झाकण काढायला लावताना पाहिलं नाही, तेही ठीक, त्यासाठी मी दुसरा कोणी शोधीन. मी फक्त तुम्ही ऐकलंत ते मागते. त्या सकाळी एक म्हातारा माणूस तुम्हाला तुमच्याच भाषेत नाही म्हणाला. पातं खराब आहे म्हणाला, पाणी नाही म्हणाला, उद्या या म्हणाला. शेडमध्ये ते कळणारी माणसं दोनच होती, आणि ती तुम्ही आहात.

गुरुवारी अकराला या. दोघंही या. अधिकाऱ्यासमोर उभे राहा आणि सांगा की मधुकर पिंगळे आम्हाला नाही म्हणाले होते. एवढं सांगा आणि घरी जा.